रशियन आणि लाओ: कोणती भाषा कुठे बोलली जाते, आणि आकडे जुळत का नाहीत

प्रश्न असा आहे की रशियन आणि लाओ या भाषा कोणकोणत्या देशांत बोलल्या जातात, त्यांची तुलना कशी करायची, आणि शोधायला गेलं की दर ठिकाणी वेगळे आकडे का सापडतात.

आधी ढोबळ उत्तर देतो. रशियन येणारे लोक जगात साधारण २५ कोटी आहेत, आणि त्यांतल्या सुमारे १५ कोटींची ती मातृभाषा आहे. रशिया, बेलारूस, कझाकस्तान आणि किर्गिझस्तान या चार देशांत सरकारी कारभारात तिला कायद्याने स्थान आहे. सोव्हिएत संघातून वेगळ्या झालेल्या बाकीच्या देशांतही ती कुठे जास्त, कुठे कमी चालते. लाओ ही लाओस या एकाच देशाची अधिकृत भाषा. पण लाओ बोलणारे बहुसंख्य लोक लाओसमध्ये राहतच नाहीत. ते मेकाँग नदीपलीकडे, थायलंडच्या ईसान या ईशान्य भागात राहतात.

म्हणून नुसती देशांची यादी करून तुलना केली, तर ती दोन्ही भाषांबाबत चुकते, आणि उलट्या दिशांनी चुकते. रशियनच्या बाबतीत यादी लांबलचक होते, पण कझाकस्तानची राजधानी अस्तानातली रशियन आणि तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबातमधली रशियन एकाच मापाने मोजली जाते. लाओच्या बाबतीत यादीत एकच नाव येतं, आणि ज्या काठावर लोक कमी आहेत नेमका तोच काठ रंगवला जातो.

माझं सांगणं एवढंच आहे की तक्ता किंवा नकाशा करताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. भाषेला कायद्याने काय दर्जा आहे ही एक. लोक घरात काय बोलतात ही दुसरी. दोन अनोळखी माणसं बाजारात, दवाखान्यात, कचेरीत भेटली तर कोणत्या भाषेत बोलतात ही तिसरी. या तिन्हींची उत्तरं एकाच जागी तीन वेगवेगळी येऊ शकतात.

रशियनपासून सुरुवात करू. खुद्द रशियात ती सर्वत्र चालते. मॉस्कोहून व्लादिवोस्तोकपर्यंत रेल्वेने ९,२८८ किलोमीटर अंतर आहे, पण बोलीत फरक इतका कमी आहे की दोन टोकांची माणसं सहज बोलू शकतात. ही भाषा पूर्वेकडे सरकली ती किल्ले, वसाहती, रेल्वे, लष्कर आणि शाळा यांच्याबरोबर, आणि तेही मोजक्या शतकांत. त्यामुळे वेगळ्या बोली मुरायला वेळच मिळाला नाही. बोलींमधला खरा फरक पाहायचा तर युरोपीय रशियाच्या जुन्या खेड्यांत जावं लागतं. उत्तरेकडच्या बोलींत आघात नसलेला 'ओ' हा 'ओ'च राहतो, मॉस्कोच्या प्रमाण उच्चारात तो 'अ'कडे झुकतो, आणि दक्षिणेत 'ग' घशातून घासून येतो.

तरीही सगळा रशिया एका रंगात रंगवू नका. तातारस्तान, चेचन्या, साखा, तुवा अशा प्रजासत्ताकांत स्थानिक भाषांनाही राज्यभाषेचा दर्जा आहे. तुवामध्ये घरात तुवन भाषाच जोरात आहे, चेचन्यात चेचेन. तिथे बहुतेकांना रशियन येते, पण ती घरची भाषा नाही. २०१८ च्या कायदाबदलानंतर या भाषा शाळेत शिकणं ऐच्छिक झालं, म्हणजे तराजू रशियनकडे आणखी झुकला.

बेलारूस हे आकड्यांच्या घोळाचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. १९९५ च्या सार्वमतानंतर तिथे रशियनला बेलारूसीच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. २००९ च्या जनगणनेत सुमारे ५३ टक्के लोकांनी मातृभाषा म्हणून बेलारूसी लिहून दिली, आणि त्याच जनगणनेत घरी रशियन बोलतो असं सांगणारे सुमारे ७० टक्के निघाले. यात खोटं कुणीच बोललेलं नाही. पहिल्या प्रश्नाला लोक आपली ओळख सांगतात, दुसऱ्या प्रश्नाला रोजची सवय. तुमच्या हाती आलेला आकडा यांपैकी कोणत्या प्रश्नाचा आहे हे पाहिल्याशिवाय तो वापरू नका.

कझाकस्तानात कझाक ही राज्यभाषा, पण सरकारी संस्थांत रशियन तिच्या बरोबरीने वापरता येते, असं १९९५ ची राज्यघटना सांगते. २००९ च्या जनगणनेत बोललेली रशियन समजते असं सांगणारे ९० टक्क्यांहून जास्त होते. मात्र देशाच्या आत मोठा फरक आहे. उत्तरेकडे पेत्रोपाव्ल, कोस्तानाय, पाव्लोदार या शहरांत रशियन घरातही ऐकू येते. दक्षिण आणि पश्चिम कझाकस्तानच्या खेड्यांत कझाकशिवाय काम अडतं. अल्माटीत दोन्ही चालतात. रशियन वंशाच्या लोकांचं प्रमाण १९८९ मध्ये सुमारे ३८ टक्के होतं, आता ते १५ टक्क्यांच्या आसपास आलं आहे. त्यामुळे जुन्या पुस्तकातला नकाशा इथे हमखास फसवतो.

किर्गिझस्तानात किर्गिझ राज्यभाषा आणि रशियन अधिकृत भाषा. हा देश मराठी वाचकांच्या खऱ्या कामाचा आहे, कारण महाराष्ट्रातून बरीच मुलं वैद्यकीय शिक्षणासाठी बिश्केक आणि ओशला जातात. परदेशातल्या वैद्यकीय पदवीसाठी शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असावं, अशी भारताच्या २०२१ च्या नियमांची अट आहे. म्हणून "भाषेची अडचण नाही" असं सांगितलं जातं. वर्गापुरतं ते ठीक. पण वॉर्डात रुग्ण इंग्रजीत बोलत नाही. बिश्केकमध्ये तो रशियन किंवा किर्गिझ बोलेल, ओशमध्ये किर्गिझ किंवा उझबेक, आणि दोन्हीकडे डॉक्टरांची टिपणं पुष्कळदा रशियनमध्ये असतात. ओशला जाणाऱ्याने रशियनबरोबर किर्गिझमधले दुखण्याखुपण्याचे शंभरेक शब्द तरी आधी पाठ करावेत. रुग्णाला नुसतं "कुठे दुखतं, कधीपासून" एवढं विचारता आलं तरी शिकणं बदलतं.

बाकीचे देश भराभर सांगतो. ताजिकिस्तानात रशियन ही वेगवेगळ्या समाजांच्या आपसातल्या संपर्काची भाषा म्हणून घटनेत आहे. उझबेकिस्तानात तसा दर्जा नाही, पण ताश्कंदमध्ये ती आरामात चालते. तुर्कमेनिस्तानात ती बरीच मागे पडली. आर्मेनियात ती दुसरी भाषा म्हणून पुष्कळांना येते. जॉर्जियात वयस्कांना येते, तरुण इंग्रजी पसंत करतात. मोल्दोव्हापासून तुटून वेगळा कारभार चालवणाऱ्या ट्रान्सनिस्ट्रियात रोजचा व्यवहार मुख्यतः रशियनमध्ये होतो.

बाल्टिक देशांत दर्जा आणि वापर यांतली फट सर्वांत रुंद आहे. लाटव्हियातल्या साधारण एक तृतीयांश लोकांची घरची भाषा रशियन, पण तिला दुसरी राज्यभाषा करण्याचा प्रस्ताव २०१२ च्या सार्वमतात सुमारे ७५ टक्के मतांनी फेटाळला गेला. एस्टोनियातलं नार्वा हे सीमेवरचं शहर जवळजवळ पूर्ण रशियनभाषक आहे, आणि तिथली अधिकृत भाषा मात्र एकटी एस्टोनियन.

युक्रेनबद्दल फार काळजीने लिहावं लागतं. शेवटची जनगणना २००१ ची. तिच्यात सुमारे ३० टक्के लोकांनी रशियन मातृभाषा सांगितली. क्रिमियात हे प्रमाण ७७ टक्के आणि दोनेत्स्कमध्ये ७५ टक्के होतं. त्यानंतर युद्ध झालं, लाखो लोक विस्थापित झाले आणि अनेकांनी ठरवून घरातली भाषा युक्रेनियन केली. आजच्या युक्रेनचा रंग २००१ च्या आकड्यावरून भरणं चूक आहे. भरायचाच असेल तर वर्ष ठळक लिहा. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: रशियन बोलणारा माणूस म्हणजे रशियाचा माणूस नव्हे. वंश, नागरिकत्व आणि भाषा ही तीन वेगळी खाती आहेत. ती एकात मिसळल्याने तक्ता चुकतो हे तर आहेच, पण माणसांवरही अन्याय होतो.

जुन्या सोव्हिएत हद्दीबाहेर मोठे गट इस्रायल आणि जर्मनीत आहेत. १९८९ नंतर इस्रायलमध्ये जवळपास १० लाख लोक सोव्हिएत भागातून आले. जर्मनीत आलेल्या तिकडच्या जर्मन वंशाच्या कुटुंबांची संख्या धरली तर २० लाखांहून जास्त माणसं होतात. न्यूयॉर्कमधलं ब्रायटन बीच प्रसिद्धच आहे. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर बारेन्ट्सबुर्ग नावाचं कोळसाखाणीचं गाव आहे, तिथेही रशियन चालते. आपल्याकडे गोव्यात मोरजी आणि हरमलला हंगामात रशियन पाट्या दिसतात. ती पर्यटकांसाठीची सोय आहे, भाषेच्या नकाशात ती धरू नये.

आता लाओ. इथे जरा थांबावं लागेल, कारण मराठीत याबद्दल फारच कमी लिहिलेलं सापडतं.

लाओस हा सुमारे २,३६,८०० चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि लोकसंख्या ७५ लाखांच्या आसपास. पण या ७५ लाखांना लाओभाषक समजू नका. २०१५ च्या जनगणनेत लाओ वंशाचे लोक ५३ टक्के होते. खमू सुमारे ११ टक्के, मोंग सुमारे ९ टक्के, आणि सरकारने मान्य केलेले वांशिक गट एकूण ५०. खमू ही ऑस्ट्रोआशियाई कुळातली भाषा आहे, मोंगचं कूळ आणखी वेगळं. लाओशी त्यांचं रक्ताचं नातं नाही. ढोबळ मानाने मेकाँग आणि तिच्या उपनद्यांच्या खोऱ्यांत, जिथे सपाट भातखाचरं आहेत, तिथे लाओ घरची भाषा आहे. डोंगर चढायला लागलं की घरची भाषा बदलते. उत्तरेकडचा फोंगसाली किंवा आग्नेयेकडचा सेकाँग हे प्रांत नकाशावर लाओसमध्येच आहेत, पण तिथल्या बहुतेक घरांत लाओ बोलली जात नाही. शाळा मात्र सगळीकडे लाओ माध्यमाची. म्हणजे डोंगरातलं मूल पहिलीत जातं तेव्हा वर्गातली भाषा त्याला नवी असते. मोठेपणी बाजारहाट आणि कचेरीपुरती ती बहुतेकांना येते.

नदीच्या पलीकडचं चित्र उलटं आहे. ईसान म्हणजे थायलंडचे २० प्रांत, क्षेत्रफळ सुमारे १,६८,००० चौरस किलोमीटर, लोकसंख्या २ कोटींहून जास्त. खोन केन, उडोन थानी, उबोन रात्चथानी, रोई एत ही तिथली शहरं. इथले दीड ते दोन कोटी लोक जे बोलतात ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने लाओच आहे. लाओसची राजधानी व्हिएंतियान इथला माणूस नदी ओलांडून थायलंडच्या नोंग खाय शहरात गेला तर त्याला दुभाषा लागत नाही. ईसानच्या दक्षिण कडेला सुरिन, बुरीराम, सिसाकेत या प्रांतांत मात्र ख्मेर बोलणारेही मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे वीसच्या वीस प्रांत सरसकट लाओ धरू नयेत.

असं का झालं याचं उत्तर इतिहासात आहे. १३५३ मध्ये फा न्गुमने स्थापलेलं लान सांग राज्य नदीच्या दोन्ही काठांवर होतं. तेव्हा मेकाँग ही सीमा नव्हती, तो मधला रस्ता होता. पुढे राज्याचे तुकडे पडले आणि ते सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, वर्चस्वाखाली गेले. व्हिएंतियानचा राजा आनुवोंग याने बंड केलं, ते १८२८ पर्यंत मोडून काढण्यात आलं. व्हिएंतियान उद्ध्वस्त झालं आणि डाव्या (आजच्या लाओसच्या) काठावरची हजारो कुटुंबं उचलून उजव्या (ईसानच्या) काठावर, तर काही थेट मध्य थायलंडपर्यंत नेऊन वसवली गेली. बँकॉकच्या आसपासच्या काही जिल्ह्यांत लाओ वंशाची गावं सापडतात ती यामुळे. नंतर १८९३ मध्ये फ्रान्सने सयामकडून डावा काठ घेतला आणि नदी सीमा झाली. जास्त माणसं जिथे होती तो काठ सयामकडे राहिला. १९०४ मध्ये उजव्या काठावरचा सायाबुरी आणि चंपासाकचा काही भाग फ्रेंचांकडे गेला. म्हणून आजही सीमा पूर्णपणे नदीवरून जात नाही. नकाशा काढताना हे दोन कोपरे हमखास चुकतात.

यानंतर थायलंडच्या बाजूला भाषेचं नावच पुसलं गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी प्रशासकीय विभागांच्या नावातून 'लाओ' हा शब्द काढून दिशेवरून नावं दिली. १९२१ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानंतर मध्य थाई भाषेची शाळा गावोगाव पोचली, आणि १९३९ मध्ये सगळ्या नागरिकांना, कोणताही प्रादेशिक भेद न दाखवता, फक्त 'थाई' म्हणण्याचा आदेश निघाला. ईसानमधली ताय नोई ही जुनी लिपी वापरातून गेली. परिणाम असा की आज ईसानचा माणूस घरात लाओ बोलतो, तिला 'ईसान' म्हणतो, लिहितो थाईत, आणि जनगणनेत स्वतःला थाई म्हणवतो. त्याची ती ओळख खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. पण भाषेची मोजणी करणाऱ्याला ती भाषा नोंदींत दिसत नाही.

लाओचे आकडे ३५-४० लाखांपासून २ कोटींच्या वरपर्यंत हेलकावे खातात ते याच कारणाने. आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत ईसानला लाओपासून वेगळा संकेत दिला आहे. जो तक्ता फक्त लाओचा संकेत मोजतो तो लहान आकडा देतो, दोन्ही मिळवणारा मोठा. फुआनसारख्या जवळच्या बोली कुठे धरायच्या यावरही एकमत नाही. तुलनेत मी दोन्ही आकडे शेजारी लिहीन आणि खाली एका ओळीत ईसान धरलं की नाही ते सांगेन.

लाओसच्या आत बोलींचा फरक रशियनपेक्षा कितीतरी ठळक आहे, आणि तो स्वरांच्या चढउतारात असतो. लाओत शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. लुआंग प्राबांगची उत्तरी बोली, व्हिएंतियानची बोली आणि पाक्सेकडची दक्षिणी बोली यांत एकाच शब्दाचा सूर वेगवेगळा लागतो. टीव्ही आणि रेडिओवर व्हिएंतियानची बोली चालते. कंबोडियात स्तुंग त्रेंग आणि रतनकिरी भागात लाओ बोलणारे आहेत, कारण स्तुंग त्रेंग १९०४ पर्यंत लाओसच्या कारभारात होतं. व्हिएतनामच्या वायव्येला दियेन बियेन आणि सोन ला प्रांतांत लहान लाओ वस्ती आहे.

१९७५ मध्ये सत्ताबदल झाल्यावर लाओसच्या लोकसंख्येपैकी सुमारे दहावा हिस्सा देश सोडून गेला. अमेरिकेत लाओ वंशाचे दोन लाखांवर लोक आहेत. फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातही वस्त्या आहेत. इथे एक चूक सर्रास होते: लाओसहून आलेले मोंग निर्वासितही लाओभाषकांत मिळवले जातात. मिनेसोटातल्या सेंट पॉलची मोठी वस्ती मोंगांची आहे, तिची घरची भाषा मोंग.

या दोन भाषा एकमेकींना भेटतात तरी कुठे? व्हिएंतियानमध्ये. १९७५ नंतर लाओस सोव्हिएत गटात गेला आणि हजारो लाओ विद्यार्थी मॉस्को, लेनिनग्राड आणि इतर शहरांत शिकून आले. २०२१ पासून राष्ट्राध्यक्ष असलेले थोंगलून सिसुलिथ लेनिनग्राडला शिकलेले आहेत आणि त्यांना रशियन येते. सरकारी खात्यांतल्या जुन्या पिढीत असे बरेच जण भेटतील. त्यांच्या मुलांच्या पिढीने व्हिएतनामी, चिनी आणि इंग्रजीकडे मोर्चा वळवला. तक्त्यात हे "लाओसमध्ये रशियन: काही शिकलेले ज्येष्ठ लोक, कामापुरती" असं लिहावं, त्याहून जास्त नको.

शिकण्याच्या किंवा प्रवासाच्या दृष्टीने विचारत असाल तर लिपीकडे आधी पाहा. रशियनची ३३ अक्षरांची सिरिलिक लिपी आठवड्या-दोन आठवड्यांत बसते, आणि तीच लिपी किर्गिझ, ताजिक, मंगोलियन वाचायला निदान पाट्यांपुरती उपयोगी पडते. उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि अझरबैजान लॅटिन लिपीकडे वळले आहेत, म्हणून तिथे हा फायदा अर्धाच. रशियनमध्ये तीन लिंगं आणि सहा विभक्ती आहेत. मराठी माणसाला ही कल्पना नवी नाही, इंग्रजीतून शिकणारे जिथे अडखळतात तिथे आपण अडखळत नाही. त्रास होतो तो आघाताचा, कारण तो लिहिलेला नसतो आणि तो चुकला की शब्द ओळखू येत नाही. शब्द पाठ करताना आघाताची खूण करूनच वहीत उतरवा.

लाओत लिंग, विभक्ती, क्रियापदाची रूपं काहीच नाही. प-फ, त-थ, क-ख हा भेद आपल्या कानाला आधीपासून आहे, तो युरोपीय शिकणाऱ्यांना महिनोन्महिने छळतो. सूर मात्र मुळापासून शिकावे लागतात, आणि ते पुस्तकातून येत नाहीत. पहिल्या दिवसापासून बोलणाऱ्याच्या आवाजाची फीत लावून तसंच म्हणायचं. लिपी ब्राह्मीच्या कुळातली आहे, पण शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे अक्षरं येऊनही सुरुवातीला शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. लहान मुलांच्या पुस्तकांपासून सुरुवात केली तर हे लवकर सुटतं.

आणि ईसानला जाणार असाल तर लाओ बोलायला शिका, पण वाचायला थाई लिपी शिका. खोन केनच्या बाजारात लाओ लिपीतली पाटी सहसा सापडणार नाही, तिकिटं, खाद्यपदार्थांची यादी, बसचे फलक सगळं थाईत असतं. उलट व्हिएंतियानमध्ये थाई टीव्ही घरोघर बघतात, त्यामुळे तुमची थाई तिथे समजून घेतली जाते. बँकॉकच्या माणसाला मात्र तुमची लाओ तितकीशी कळणार नाही. नोंग खाय आणि व्हिएंतियान यांच्यामध्ये १९९४ पासून पूल आहे आणि दोन्ही बाजूंच्या वेळेतही फरक नाही. सीमेवर बदलायचं असतं ते रस्त्याची बाजू: थायलंडमध्ये गाड्या डावीकडून चालतात, लाओसमध्ये उजवीकडून.